पहिल्या दोन ओळी

ता. ४ मार्च, बुधवार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी काय घडले ते क्रमाने लिहिते. बाकीचे नंतर.

१. ९ फेब्रुवारीला मी आपल्या ‘तपासून सांगतो’ या इंटरनेटवरच्या पानासाठी मजकूर क्रमांक ११२ हाताने लिहिला आणि नेहमीप्रमाणे टपालाने तुम्हाला पाठवला. विषय: कार्बन मोनॉक्साइड.

२. १४ तारखेला तो तुमच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणांसह परत आला. तुम्ही एकच शब्द बदलला होता.

३. १५ तारखेला मी तो पानावर चढवला. मांडणी ठरलेली: सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, लोकांचा समज त्यांच्याच शब्दांत, उजव्या कोपऱ्यात तुमच्या ‘तपासले’ या गोल शिक्क्याचे चित्र, त्याखाली तो समज का चुकीचा आहे ते.

४. वरच्या दोन ओळी अशा होत्या: ‘कार्बन मोनॉक्साइडला घाण वास येतो. वास नसेल तर घाबरण्याचे कारण नाही.’ तिसरी ओळ होती: ‘हे खरे नाही.’

५. कोणीतरी फक्त वरच्या भागाचे चित्र कापून पुढे पाठवले. त्यात दोन ओळी, पानाचे नाव आणि शिक्का आहे. तिसरी ओळ नाही.

६. १ मार्चला, रविवारी दुपारी, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. तिथे वाफेच्या इस्त्रीसाठी गॅसवरचा बॉयलर आहे. लॉन्ड्रीवाल्या ताई एकट्या होत्या. त्यांनी हुंगून पाहिले. वास नव्हता. त्यांनी अलार्मची बॅटरी काढली आणि इस्त्री चालू ठेवली.

७. पाऊण तासाने एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आले. ताई टेबलाखाली पडलेल्या होत्या.

८. त्या वाचल्या. तीन दिवस रुग्णालयात होत्या. आज सकाळी घरी आल्या.

९. ते कापलेले चित्र त्यांच्या फोनमध्ये आहे. शेजारणीने मला दाखवले.

एवढे नक्की माहीत आहे.

अलार्म चांगला होता. जानेवारीत ताईंनी तो माझ्याकडे दिला होता. मी तो आमच्या प्रयोगशाळेत नेला, इतर यंत्रे तपासतो तसा प्रमाणित वायूवर तपासला आणि तारखेची चिकटपट्टी लावून परत दिला. वाजायला हवा तेव्हा तो वाजला. माझा मजकूरही चुकीचा नव्हता. अठरा ओळींपैकी सोळा ओळी हेच सांगत होत्या की या वायूला वास नसतो, नाकावर विसंबू नका. आज मी तो चार वेळा वाचला. चूक सापडली नाही. तरी बसवत नाही. कागद हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत चालते आहे. खोली सात पावलांची आहे.

इमारतीच्या मालकांनी शनिवार, २१ तारखेला सगळ्या भाडेकरूंची सभा बोलावली आहे. ताईंनी बॅटरी स्वतःच्या हाताने काढली, म्हणून दोष पूर्ण त्यांचा, म्हणून गाळा काढून घ्यायचा, असा मालकांचा ठराव आहे. इमारतीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांचे मेहुणे वकील आहेत, कायदाच तसा आहे असे तीन वेळा लिहून गेले. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आहे. ताई ती लॉन्ड्री अकरा वर्षे एकटीने चालवतात. गाळा गेला तर त्यांच्याकडे दुसरे काही नाही.

मला तुमच्याकडून दोन उत्तरे हवीत. बॅटरी काढणाऱ्यावर सगळा दोष जातो, हे खरे का? आणि ते पान माझे आहे असे मी लिहून दिले, माफी मागितली, तर ती कायद्याने गुन्ह्याची कबुली ठरते का? लेखी माफी कधीही मागू नये असे सगळे म्हणतात.

पान कोणाचे हे इथे कोणाला माहीत नाही. आईलाही नाही. तसेच राहावे असे मला आज वाटते आहे. उद्याचे सांगता येत नाही.

माझी तब्येत बरी आहे. विचारू नये. लोभ आहेच, तो या पत्रामुळे कमी होऊ नये.

आपली,
भाची

---

ता. ७ मार्च, शनिवार

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं. पाकीट जाड नव्हतं तेव्हाच वाटलं की यात मजकूर क्रमांक ११४ नाही. दोनदा वाचलं, मग चहा केला आणि तो प्यायचा राहून गेला. तुझ्या पत्राला नऊ आकडे होते. त्या वाचल्या हे आठव्यात कळलं. पुढच्या वेळी माणूस वाचलं की गेलं हे आधी लिहीत जा, बाकीचं क्रमाने.

आता ऐक. चौतीस वर्षं मी कोर्टात निकाल टाइप केले. प्रत्येक निकालात आधी एकाचं म्हणणं, मग दुसऱ्याचं, आणि सगळ्यात शेवटी निर्णय. ज्याचं म्हणणं खोटं ठरणार असतं त्याचंही पूर्ण आणि त्याच्याच तोंडच्या शब्दांत लिहायचं, वाटेत ‘खोटं’ म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा सभ्यपणा. तीच सवय मी तुझ्या पानाला लावली. तुला तर वर ‘गैरसमज’ असा शब्द टाकायचा होता. मीच खोडला, की आधी ऐकून घ्यावं, मग ठरवावं. शिक्काही माझा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गमतीने करून दिलेला, आणि वर उजव्या कोपऱ्यात का, तर आवक कागदावर तो तिथेच मारायचा असतो म्हणून. तेव्हा दोष माझा. झालं, लिहून दिलं. तू फेऱ्या थांबव आणि जेव.

पहिला प्रश्न. मेहुणा वकील असला की कायदा येत असेल, तर भाऊ टायपिस्ट असल्यामुळे तुझ्या आईला टायपिंग आलं असतं. ती फोनवर अजून एका बोटाने लिहिते. कायदा जागोजागी वेगळा, हे आपण प्रत्येक मजकुराखाली लिहितो तेच आधी लिहितो. पण एकाची चूक निघाली की दुसऱ्याची आपोआप धुतली जाते, असं मी कधी टाइप केलेलं नाही. आधी विचारतात, वायू साठला कशाने? बॅटरी काढल्याने वायू तयार होत नाही. हे तू पहिल्यांदा विचारायला हवं होतंस, मोजमापं तू करतेस. बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप कुणी पाहिला का?

दुसरा प्रश्न वाचून मात्र मी चष्मा काढून पुसला. मजकूर क्रमांक ६३ काढून बघ. ‘माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला.’ हा समज का चुकीचा, ते आपण दोघांनी तीन टपालं खर्चून लिहिलं होतं. कुठे माफीचं पत्र पुराव्यात घेतात, कुठे घेत नाहीत. पण नुसतं पत्र आलं आणि निकाल लागला, असं कुठे होत नाही. एकोणतीस हजार लोकांना तू हे समजावलंस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा सगळे म्हणतात म्हणून मला विचारतेस? हा प्रश्न तू कायद्यासाठी विचारलेला नाहीस, बाई. लपायला जागा आहे का, ते विचारलं आहेस. नाही.

पाइप बघ. ताईंना भेट. काय बोलायचं ते तिथे गेल्यावर सुचेल.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे, त्यामुळे मीही पावलं मोजायला लागलो आहे.

तुझा,
मामा

---

ता. ८ मार्च, रविवार

चि. शहाणीस,
आईचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून पार्सलात चिठ्ठी घालते आहे. पार्सल तरी उघडशील ना? स्वेटर धुतलेला आहे, लगेच घाल. मोज्यांच्या दोन जोड्या आहेत. तू एकाच रंगाचे घालतेस म्हणून दोन्ही करड्या घेतल्या.

तुझ्या खालच्या लॉन्ड्रीवाल्या बाईंचं कळलं. गेल्या वर्षी मी आठ दिवस राहायला आले होते तेव्हा तू दिवसभर कामावर, मग मी त्यांच्याकडेच जाऊन बसायची. काय कॉलर फिरवतात गं! त्यांनी मला शर्टाची घडी शिकवली, मी त्यांना फोनवर चित्रं पुढे पाठवायला शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी काहीतरी पाठवतो एकमेकींना.

मला तर फार वाईट वाटतंय, कारण मी त्यांना नेमकी याच गॅसची माहिती पाठवली होती. थंडीत बॉयलर आणि दार बंद, म्हणून मुद्दाम. ‘तपासून सांगतो’ म्हणून एक पान आहे, त्यांचं होतं ते चित्र. त्यांचं सगळं शिक्का मारून असतं, वाटेल ते टाकत नाहीत. माझा त्या पानावर फार विश्वास आहे. तू आणि मामा तरी कधी इतकं नीट समजावून सांगता का? विचारायला गेलं की तू म्हणतेस, सोपं आहे, आणि तो म्हणतो, जागोजागी वेगळं आहे. तर मी इतकं सांभाळून कळवूनही त्यांच्यावर ही वेळ आली. नशीब एकेकाचं.

मामा-भाची दर आठवड्याला टपालाने काय एवढं लिहिता ते मला कळू द्या कधीतरी. माझ्याबद्दल असलं तर चांगलं लिहा.

स्वेटर घाल. फोन उचल.

तुझी,
आई

---

ता. ११ मार्च, बुधवार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि आईची चिठ्ठी एकाच दिवशी मिळाली. आईची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आधी ती वाचावी. वाचून झाली असेल तर पुढे लिहिते.

पाइप पाहिला. तो लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो. फेब्रुवारीच्या शेवटी मालकांनी भिंतींना रंग दिला. पाइपाच्या तोंडावर रंग उडू नये म्हणून रंगाऱ्यांनी त्याला प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली, आणि काम संपल्यावर ते काढायचे राहिले. अर्धे प्लास्टिक वितळून आत ओढले गेले आहे, कडा काळ्या आहेत. भिंतीवरचा ताजा रंग चिकटपट्टीच्या कडेपर्यंत आला आहे. म्हणजे पट्टी रंगाच्या आधी लागली. मी पोलादी पट्टी शेजारी धरून सहा फोटो काढले आणि हात न लावता परत आले. तुम्ही सांगेपर्यंत हे मला सुचले नव्हते. मी चार दिवस स्वतःची वाक्ये तपासत होते.

ताईंना भेटले. लॉन्ड्रीचे शटर अर्धे खाली होते, बॉयलर बंद होता. आत कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. माझा निळा शर्टही त्यात आहे, ४१६. त्या खुर्चीत बसून चिठ्ठ्यांचे नंबर वहीशी जुळवत होत्या. ६ आणि ९ सारखे दिसतात म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितले आहे की हे हळूहळू जाईल. मी बसले नाही. त्यांनी दोनदा बसायला सांगितले.

मग त्यांनी सगळे सांगितले, मी न विचारता. म्हणाल्या की अलार्म वाजल्यावर त्यांनी निष्काळजीपणा केला नाही. इस्त्री बाजूला ठेवली, बॉयलरजवळ जाऊन हुंगले, दाराजवळ हुंगले, मग टेबलाखाली वाकून हुंगले, कारण जड वायू खाली बसतो असे कुणीतरी सांगितले होते. तीन ठिकाणी. वास नाही. मग चित्र आठवले, शिक्का आठवला, आणि वाटले की अलार्मच बिघडला. म्हणाल्या, तू मशीन तपासणारी मुलगी, तू खरे सांग, मी मूर्ख आहे का? ग्रुपवर सगळे तसेच म्हणतात.

मी नाही म्हणाले. चित्र बघायला मागितले, पाहिले, फोन परत दिला. म्हणाले की अलार्म बिघडलेला नव्हता. एवढेच. जिना चढताना माझ्या लक्षात आले की माझ्या या एका वाक्याने दोष पुन्हा त्यांच्यावरच ढकलला.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही अर्ध्या पानात सगळा दोष घेऊन मोकळे झालात. ते मला चालणार नाही, कारण ते मोजमापाने चूक आहे. तुमच्याकडे बटणांचा फोन आहे. पान तुम्ही कधी पाहिलेले नाही. तुम्ही फक्त माझा कागद पाहता, आणि कागदावर अठराच्या अठरा ओळी एकदम दिसतात. फोनवर पहिल्या दोन ओळी दिसतात आणि त्याखाली ‘पुढे वाचा’. ते दाबले तरच बाकीचे उघडते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी मोजले होते. शंभर माणसांपैकी चौदा जण दाबतात. शहाऐंशी जण आपले ठळक खोटे वाक्य, त्यावरचा तुमचा शिक्का पाहून पुढे जातात. आकडा माझ्या वहीत तारखेसह लिहिलेला आहे. मी तो तुम्हाला कळवला नाही.

का, ते गेले आठ दिवस शोधते आहे. वेळ नव्हता, हे खरे नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, हेही पूर्ण खरे नाही. खरे हे की लोकांचे चुकीचे वाक्य ठळक अक्षरांत वर लावायला मला आवडायचे. किडा टाचणीने टोचून लावावा तसे. मी तो बरोबर पकडला, हे दिसायला हवे होते. त्याखालचे कोणी वाचते की नाही, याची मला खरे तर फिकीर नव्हती.

सर्व ११३ मजकुरांच्या वरच्या दोन ओळी बदलते आहे: आधी जे खरे ते, शिक्का सगळ्यात शेवटी. कामावरून आल्यावर तेवढेच करते. कालपर्यंत एकेचाळीस झाले. पण कापलेली चित्रे माझ्या हाताबाहेर गेली आहेत, ती कुठे कुठे आहेत हे मोजता येत नाही. प्रयोगशाळेत काल एक दाबमापक मी तीनदा तपासले, तिन्ही वेळा तेच उत्तर आले, तरी चौथ्यांदा लावले. वरिष्ठांनी विचारले, काय झाले? मी म्हणाले, काही नाही.

सभा शनिवारी, २१ तारखेला. मला काय करायला हवे ते माहीत आहे असे वाटते. ते लिहून तुमच्याकडे तपासायला पाठवते. ताबडतोब परत पाठवावे. आईला काय सांगायचे तेही लिहावे. स्वेटर घातला आहे.

आपली,
भाची

---

ता. १४ मार्च, शनिवार

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

पत्र काल आलं. काल उत्तर लिहिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं, म्हणून आज लिहितो आहे. शंभरातले चौदा! आणि दर आठवड्याला मी इथे चष्म्याखाली भिंग धरून स्वल्पविराम शोधत बसलो, की इथे अर्धविराम बरा. कोणासाठी, गं? ऑक्टोबरपासून पाच महिने झाले. इतकं रागावलो की तांबडी पेन्सिल खिडकीतून टाकायला निघालो होतो. खाली कोणी चालत असेल म्हणून टाकली नाही.

मग म्हटलं, राग नंतर. आधी आपण काय तपासत होतो ते तरी बघू. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेलो. दाढीला बसलो आणि त्याला म्हटलं, तुझ्या फोनवर ‘तपासून सांगतो’ असं पान लाव. ११२ तू आधीच बदललंस, पण त्याच्याकडे ते जुनं कापलेलं चित्र होतंच. कुणीतरी पाठवलेलं. त्याने वस्तरा थांबवून दोन ओळी मोठ्याने वाचल्या, शिक्का पाहिला, मान हलवली, आणि म्हणाला की मग आपल्याला काळजी नाही काका, आपल्या गॅसच्या गिझरला कधी वास येत नाही.

अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो. त्याचा गिझर बंद केला, मागची खिडकी उघडली, आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणायला लागला की असं कसं, यावर तर शिक्का आहे. मी म्हटलं, तो शिक्का माझा आहे. त्याला पटेना. शेवटी घरी येऊन शिक्का घेऊन गेलो आणि त्याच्या वर्तमानपत्रावर उमटवून दाखवला. तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की चौतीस वर्षांत कोणत्याही साहेबाने तसं पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, बसा, दुसरी बाजू राहिली आहे. उद्या गिझरवाल्याला बोलावणार आहे.

तेव्हा तू बरोबर आहेस, दोष मी एकट्याने घेऊन चालणार नाही. पण तूही तो घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवू नकोस. तुझा-माझा किती आणि रंगाऱ्यांचा किती, हे ठरवणं आपलं काम नाही. काय घडलं ते सांगणं आपलं काम आहे, आणि ते ऐकण्याचा पहिला हक्क त्या ताईंचा. सभेचा नंतर. ग्रुपचा तर नाहीच.

आईला तू फोन कर. मी करणार होतो, हात फोनपर्यंत गेला होता, मग कळलं की हेही मी घेऊन मोकळा होतो आहे. चित्र तिच्या हातून गेलं हे तिला इतर कुणाकडून कळता कामा नये. ती आधी तुझ्यावर ओरडेल, मग माझ्यावर, मग विचारेल की एवढं हुशार पान चालवता तर आईला का नाही सांगितलं. याचं उत्तर तयार ठेव.

आणि एक. ताईंना जे लिहिशील ते माझ्याकडे तपासायला पाठवू नकोस. टपाल जाऊन येईपर्यंत सभा उरकलेली असेल, पण तो खरा मुद्दा नाही. वेळ असता तरी नको म्हटलं असतं. मी एक शब्द बदलीन, तू त्यावर दोन दिवस विचार करशील, आणि पत्र पुन्हा आपल्या दोघांतच फिरत राहील. एकदा लिही आणि नेऊन दे.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. शिक्का बरोबर आणतो. विचारलं कुणी, तर दाखवायला.

तुझा,
मामा

---

ता. १७ मार्च, मंगळवार

लॉन्ड्रीवाल्या ताईंस,
सा. न. वि. वि.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म वाजला की नाकाने तपासायचे नाही, दार उघडायचे आणि बाहेर पडायचे.

या दोन ओळी तुम्हाला फेब्रुवारीत मिळायला हव्या होत्या. त्याऐवजी नेमक्या उलट दोन ओळी मिळाल्या. ते चित्र ज्या पानाचे आहे ते पान मी चालवते. मी तिसऱ्या मजल्यावरची, शर्ट नंबर ४१६. मजकूर मी लिहिला. तो माझे मामा तपासतात, शिक्का त्यांचा आहे. खोटे वाक्य वर आणि खरे खाली, अशी आमची मांडणी होती. फोनवर बहुतेकांना फक्त वरचेच दिसते, हे मला पाच महिने माहीत होते. तरी मी ती बदलली नाही. कोणीतरी वरचा भाग कापला, आणि तो माझ्या आईने, तुमच्या काळजीपोटी, तुम्हाला पाठवला. पान माझे आहे हे तिला माहीत नव्हते. काल मी तिला फोन करून सांगितले. तिने आधी तुम्ही जेवता का, असे विचारले. ती शनिवारी मामांबरोबर इथे येते आहे.

त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी होते, चित्र माझ्या हातात होते, आणि मी हे सांगितले नाही. तुम्ही मूर्ख आहात का असे तुम्ही मला विचारले होते. तुम्ही तीन ठिकाणी हुंगून पाहिले. तुम्हाला जे नियम म्हणून सांगितले गेले ते तुम्ही काटेकोरपणे पाळले. नियम चुकीचा होता, आणि तो माझ्या पानावरून तुमच्यापर्यंत आला. मला माफ करा असे लिहिते आहे. त्याचा कायद्यात काय अर्थ लावायचा तो ज्याने त्याने लावावा.

दुसरी गोष्ट. वायू साठला तो बॉयलरच्या पाइपाचे तोंड बंद होते म्हणून. मागच्या भिंतीला रंग देताना त्यावर प्लास्टिक गुंडाळले होते, ते काढायचे राहिले. अजून तिथेच आहे. हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. पट्टी धरून काढलेले सहा फोटो सोबत जोडले आहेत. अलार्मच्या तपासणीचा जानेवारीतला कागदही जोडला आहे. पाइप मोकळा करून, तपासून झाल्याशिवाय बॉयलर लावू नये. बॅटरी मी आज नवी आणली आहे, ती पाकिटात आहे.

शनिवारच्या सभेत मला उभे राहून हे सगळे वाचून दाखवायचे आहे: पानाचे, चित्राचे आणि पाइपाचे, माझ्या नावासकट. मामाही बोलतील. पण गोष्ट तुमची आहे. चित्रावर विसंबलात हे चारचौघांत सांगितलेले तुम्हाला नको असेल, तर मी फक्त फोटो दाखवीन आणि प्लास्टिकबद्दल बोलेन. मी एक शब्दही बोलू नये असे वाटत असेल, तर फोटो तुमच्याकडे आहेतच, तुम्ही दाखवा. तुम्ही जे सांगाल तसे करीन. माझ्यावर रागावलात तर तसेही कळवा. मी रोज साडेसहाला जिन्यावरून येते, पण तेव्हा तुम्ही शटरकडे पाठ करून बसता आणि मला थांबायचे धाडस होत नाही, म्हणून हे लिहिले.

हे पत्र एकदाच लिहिले आहे. कोणी तपासलेले नाही आणि याच्यावर शिक्का नाही.

वाचायला त्रास होत असेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. तिच्यापासून लपवायचे असे यात काही नाही. काय करू ते गुरुवार, १९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवावे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची